सुयोगची पिवळी खोली

रंगाच्या दुकानदाराने पुन्हा निळ्याच छटा पुढे केल्या, तेव्हा विनिताने कार्ड सरळ लेकाच्या, सुयोगच्या, हातात दिलं. चौदा वर्षांच्या सुयोगने त्यातल्या पिवळ्यावर गाल टेकवला आणि तो हलेचना. झालं, पिवळा ठरला. दुकानदार टक लावून बघत राहिला. अशा नजरा मनावर घ्यायच्या तर विनिताला जोगेश्वरीत घराबाहेर पडायलाच नको.

चाळीच्या जागी इमारत उभी राहिली होती आणि त्यांना दोन बेडरूमचं घर मिळालं होतं. त्यातली लहान खोली सुयोगची, हे तिने चावी हातात पडायच्या आधीच जाहीर केलं होतं. खिडकीला जाळी, पलंग जमिनीलगत, कपाटाचे कोपरे गोल. चिडला की तो डोकं आपटायचा, म्हणून भिंतींना जाड फोम. कापडाचे मासे तिने स्वतः शिवून छताला टांगले. नवरा गुणाजी कुरकुरला, "येवढा कशाक? तेका काय कळता?" पण पहिल्या रविवारी तोच सुयोगशेजारी आडवा पडून मासे बघत होता.

"माझी," सुयोग म्हणाला. त्याचं डोकं आपटणं थांबलं. आयुष्यात एक काम तरी फत्ते झालं, असं विनिताला वाटलं.

मग थोरल्या श्वेताला बघायला मुलुंडची माणसं यायची ठरली. श्वेता स्वयंपाकघरात आली आणि आईकडे न बघता म्हणाली, "आई, फक्त तासभर त्याला खोलीत ठेव ना. त्याला आवडतं तिथे."

आवडतं, हे खरंच होतं. म्हणून तर नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

पाहुण्यांनी नवं घर कौतुकाने पाहिलं. मुलाची आई बंद दारापाशी थबकली आणि ही खोली कुणाची, म्हणून विचारू लागली.

"धाकट्याची," विनिता म्हणाली. "तो गावाला गेलाय."

मुंबईतल्या कोकणी घरात याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. गावाला कुणी ना कुणी गेलेलं असतंच. दाराआड सुयोग गप्प होता. खोली तिने इतकी छान केली होती, की त्याला बाहेर यावंसंच वाटलं नाही.

लग्न ठरलं. याद्या, साखरपुडा, केळवणं सुरू झाली. बेल वाजली की विनिता त्याला आत नेई, गालावरून हात फिरवी आणि कुजबुजे, "सुयोग गावाला गेला हां." तिला स्वतःची किळस येई, आणि तरी ती दार ओढून घेई. लग्नातसुद्धा तो गावालाच राहिला. शेजारची सोनूबाई त्याच्यापाशी बसली.

श्वेता सासरी गेली आणि विनिताने ठरवलं, आता पुरे. व्याह्यांना काय वाटायचं ते वाटो. तिने सुयोगला हॉलमध्ये आपल्या शेजारी बसवलं आणि भिजवलेल्या वालाची परात पुढे ठेवली. तो एकेक दाणा सोलून तिच्या हातावर ठेवू लागला. किती दिवसांनी ती मोकळी हसली.

बेल वाजली. इस्त्रीवाला होता.

"बस रे तू," ती म्हणेपर्यंत सुयोग उठला होता. हातातला वाल त्याने परातीत ठेवला, खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. मग आतून, हुबेहूब तिच्याच कुजबुजत्या आवाजात, ऐकू आलं, "सुयोग गावाला गेला हां."