बिनजाळ्याचा वेढा

कल्पिटिया या मच्छीमारांच्या वाडीत डॉल्फिनचा हंगाम लागला की घरोघरी एकच धुसफूस: कुणाच्या होडीला पाहुणे जास्त. जूडच्या घरी भाताचं ताट समोर आलं तरी तोच विषय.

"सुनील उड्या मारणारे डॉल्फिन दाखवतो. माझे पाहुणे म्हणतात, नुसते ठिपके दिसले," जूड त्याच्या आईला, मर्लिनला म्हणाला. "उद्या मीही कळपात घुसतो."

"मग मलाही ने," मर्लिन म्हणाली.

जूडला हसू आलं. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, ही त्या वाडीची जुनी रीत. मर्लिनने जन्मभर किनाऱ्यावर मासळी सुकवली. समुद्र तिने काठावरूनच पाहिला.

"हसतोस कसला? परक्या देशाच्या बायका रोज तुझ्या होडीत बसतात, तेव्हा समुद्र विटाळत नाही. आईच्या पायानेच विटाळेल होय रे?"



सकाळी होडीत एक जर्मन जोडपं होतं आणि लाइफ जॅकेटवर रोझरीची माळ घातलेली मर्लिन. कळप आधी जूडलाच दिसला. त्याने लगेच इतर होडीवाल्यांना फोन केला. मासळीची झुंड दिसली की सगळ्यांना कळवायचं आणि होड्यांनी गोल वेढा घालायचा, ही बापजाद्यांची पद्धत. पाहुण्यांसाठीही पोरांनी तीच ठेवली. जाळं टाकायचं नसतं, म्हणून त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

सुनील आला, बाकीचे आले. वेढा आवळला. डॉल्फिन उड्या मारू लागले, पाहुणे टाळ्या वाजवू लागले.

"जवळ, अजून जवळ," जर्मन बाई म्हणाली.

मर्लिनने होडीचा काठ घट्ट धरला. "जूड, हे तर मासे कोंडल्यासारखं झालं."

"आई, जाळं कुठाय? नाचताहेत ते."

"नाचत नाहीत, वाट शोधताहेत. ज्या बाजूला जातात तिथून माघारी फिरतात, दिसत नाही तुला? तुझ्या बापाच्या जाळ्यात एक सापडला होता. नवंकोरं जाळं कापून सोडला त्याला. घरी येऊन म्हणाला, बिचारा शेवटपर्यंत उड्या मारत होता."

"तो काळ वेगळा होता," म्हणत जूडने वेग वाढवला.

होडीखाली धप्पकन आवाज झाला.

पाणी लाल झालं. पिल्लू होतं ते! इंजिनाच्या पंख्याने त्याची पाठ चिरली होती. टाळीसाठी उचललेले त्या बाईचे हात तसेच राहिले. पिल्लाच्या आईने त्याला श्वासासाठी नाकावर उचललं. ते घसरलं. तिने पुन्हा उचललं, ढकलत ढकलत सुनीलच्या होडीपाशी नेलं, आणि तिथून तिला माघारी फिरावं लागलं.

"अरे, वाट द्या तिला!" मर्लिन ओरडली.

जूडने इंजिन बंद केलं. उभा राहून, दोन्ही हात हलवून तो सुनीलला विनवू लागला. एकेक इंजिन थांबलं. वेढा फुटला. कळप निघून गेला. पिल्लाला ढकलत त्याची आई सगळ्यांत शेवटी गेली. पिल्लू वाचलं की नाही, कुणालाच कळलं नाही.

किनाऱ्यावर जूडने होडी बांधली.

"आई, मारलं का गं मी त्याला?"

खोटा धीर देणं मर्लिनच्या स्वभावात नव्हतं. "मारायचं नव्हतं तुला. पण वेढा तूच बोलावलास. ज्या तोंडाने बोलावलंस, त्याच तोंडाने आता सगळ्यांना लांब राहायला सांग."

जूडने सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी थट्टा केली. सुनीलने मात्र ऐकलं. आता जूड लांबच इंजिन बंद करून थांबतो. कधी डॉल्फिन आपणहून येतात, कधी नुसते ठिपके. पाहुणे कुरकुरतात, काही त्याची होडी सोडून दुसरीकडे जातात.

वाचकहो, परदेशी फिरायला गेल्यावर आपणही अशाच होडीत बसतो. समोरची उडी आनंदाची की सुटकेची, हे टाळी वाजवण्याआधी विचारावं. समुद्र हे डॉल्फिनचं घर आहे आणि आपण न बोलावता आलेले पाहुणे. ठिपके दिसले तर ठिपके पाहून परतावं. 'अजून जवळ' हे दोन शब्द आपण गिळले, तर कुणाचं तरी पिल्लू जगेल.