दंडाची तिसरी फेरी

सौदी अरेबियातल्या राबिघ शहरात एका इस्पितळात तस्नीमनं अकरा वर्षं लॅब सांभाळली. आता तिच्या जागी सौदी मुलगी घेतली होती आणि नोटिशीची मुदत गुरुवारी संपत होती.

"शेवटचे चार दिवस सिक लीव्ह टाक. सगळे तेच करतात," नवरा मुनाफ म्हणाला.

तस्नीमचं लक्ष टीव्हीत होतं. बर्फावर बायकांची बायथलॉन रिले चालली होती. स्कीवर धावायचं, मध्येच थांबून बंदुकीनं पाच नेम साधायचे, आणि जितके हुकतील तितक्या दंडाच्या फेऱ्या मारायच्या. जिंकणाऱ्यांनी झेंडा केव्हाच फडकवला होता. शेवटच्या संघातल्या पोरीचे तीन नेम हुकले, तरी ती एकटीच गोल फिरत होती.

"हार गई वो तो, अम्मी! चॅनल बदलो," लेक नूरैन ओरडली.

"रिमोटला हात लावून तर बघ! तिसरी फेरी राहिलीय तिची."

पोरीनं धापा टाकत तिसरीही पुरी केली. तस्नीम ताडकन उठली आणि पांढऱ्या कोटावर इस्त्री फिरवू लागली.

"अगं, खलास झालं सगळं. आता कुणासाठी जातेस?" मुनाफनं विचारलं.

"तस्नीमला काढली, असं खुशाल म्हणू देत. पण तस्नीम पळाली म्हणाला कुणी, तर जीभ हासडीन त्याची!"