डॉर्कसच्या रहाटावरच्या खाचा

आमच्या वर्क्सवर्थच्या डोंगरात शिशाची खाण नुसती अडवून ठेवायची सोय नाही. काम थांबलेलं दिसलं की खाणपंच विनफिल्ड येतो आणि तोंडावरच्या लाकडी रहाटावर सुरीने खाच पाडतो. तीन खाचा पडल्या की खाण मागेल त्याची. आत पाणी भरलं असेल तर तेवढी माफी.

राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली, तसे बंदुकीच्या गोळ्यांमुळे शिशाला भलतेच दिवस आले. डॉर्कसचा नवरा जेर्व्हस लढाईवर गेला. खणायला गडी मिळेना, आणि मी तिचा दीर, पण माझा पाय अधू. तिच्या रहाटावर दोन खाचा पडल्या. खाण गेली असती तर लेकरांच्या तोंडात घालायला काही उरलं नसतं. आणि शेजारचा गॉडफ्री तिसऱ्या खाचेवर टपून बसलेला. असल्या माणसाची काय आरती ओवाळायची?

पुढच्या खेपेला पंचाबरोबर गोळ्या संपलेला एक कॅप्टनही आला. डॉर्कसने खाणीत पाणी भरल्याचं सांगितलं. पंचाने आत दगड टाकला. डुबुक असा आवाज आला. येणारच. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पाण्याचं पिंप खाली सोडून ठेवलं होतं.

पंचाच्या मागोमाग आलेला गॉडफ्री तापला. "थापा मारते ही. आत धूळ उडतेय नुसती. मला खाली सोडा, दाखवतो."

डॉर्कसचा चेहरा उतरला, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तिनेच रहाट फिरवून त्याला खाली सोडलं. त्याने आधी पिंप लाथेने उडवलं. मग कॅप्टनवर छाप पाडायला कमरेची कुदळ काढून खणायलाच लागला, आणि बादलीभर खनिज वर पाठवलं. डॉर्कसने ते ओढून घेतलं.

"आहे का पाणी?" खालून विचारणा झाली.

"पाणी नाही," पंच म्हणाला. हातात सुरी धरून त्याने बादलीकडे पाहिलं, मग रहाटाकडे. "पण काम चालू आहे. हिच्या रहाटावरून माल वर आलाय. चालू खाणीला खाच कशी पाडू?" आणि त्याने जुन्या दोन्ही खाचा तासून टाकल्या.

कॅप्टन तर खूश. असा कामसू गडी इथून हलता कामा नये म्हणून त्याने खाणीच्या तोंडाशी एक शिपाईच बसवला. आपण हिचे गडी नाही, असं गॉडफ्री खालून सांगत राहिला. ऐकतो कोण?

दुपारी डॉर्कसने बादलीतून ओटची भाकरी आणि चीज खाली सोडलं.

"किती दिवस गं हे?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"जेर्व्हस येईपर्यंत," ती म्हणाली. "तो सुखरूप यावा म्हणून आता तूही प्रार्थना कर."

त्या रविवारी शिपायाने त्याला चर्चपुरतं वर आणलं. प्रार्थनेत जेर्व्हसचं नाव निघालं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणाला तो गॉडफ्री.