स्पेसबारवर झोपलेला शनी

सुकापूरच्या नाक्यावर प्रदीपचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. कारणच तसं होतं. दुकानातला संगणक आपला आपण लिहीत होता!

कीबोर्ड सकाळपासून मेलेला. बटणं दाबून प्रदीपची बोटं दुखली, यंत्र दोनदा बंद करून चालू केलं, पण पडद्यावर एकच रड, कीबोर्ड सापडत नाही. आणि आता त्याच पडद्यावर, कुणी बोटही न लावता, एकेक इंग्रजी अक्षर उमटत होतं. सगळ्यांनी मोठ्याने जोडून वाचलं, "म-ला सो-डा!"

"ऐकलंत?" बाधा उतरवायला आलेले जगन महाराज गरजले. त्यांचा उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या त्या कापडी पिशवीत होता. डाव्या हाताने ते यंत्राभोवती अंगारा उधळत होते. "डाव्या बटणांवर राहू, उजव्यांवर केतू आणि मध्ये स्पेसबारवर शनी आडवा झोपलाय. कीबोर्ड चालेल कसा?"

"अरे देवा! मग उपाय काय, महाराज?" प्रदीपच्या कपाळावर घाम.

"बाधित यंत्र गाढी नदीत सोडायचं. अख्खं. ते काम मी करतो, रिक्षा बाहेर उभी आहे."

गर्दीत पुढेच चंद्रावती उभी होती. शेजारी तिची भाची वेणू, काखेत कागदांची पिशवी घट्ट धरून. वेणू त्यांच्या वाडीतली बारावी झालेली पहिली पोरगी. तिचा नर्सिंगचा अर्ज ह्याच यंत्रापायी भरायचा अडकला होता. शेवटची तारीख आज, वेळ पाचपर्यंत. बाजारातल्या दुसऱ्या दुकानाची रांग रस्त्यापर्यंत आलेली. आणि घड्याळात पावणेचार. अर्ज हुकला की वेणू आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणार, हे दोघींनाही न बोलता माहीत होतं.

"मावशी, आता गं?" वेणूचा आवाज रडवेला झाला.

"थांब जरा," चंद्रावती म्हणाली.

ती नवीन पनवेलच्या एका शाळेत संगणकाच्या खोलीत तेरा वर्षं झाडू मारत होती. मास्तर मुलांना शिकवायचे आणि हिचा झाडू उगाचच त्या एका कोपऱ्यात रेंगाळायचा. त्यामुळे तिला दोन गोष्टी कळत होत्या. एक, यंत्र रुसलं की आधी त्याची वायर बघायची. दुसरी, चोरी करणाऱ्याचा हात कसा रेंगाळतो ते. महाराजांचा अंगारा पुढे उडाला होता, पण हात मात्र यंत्राच्या मागे बराच वेळ घुटमळला होता.

"प्रदीपदादा, वायर बघितलीस काय?"

"बघितली मावशी, लागलेली आहे."

"लागलेली हाय का नुसती टेकलेली हाय?" ती टेबलामागे वाकली.

"बाई, हात लावू नका!" महाराज ओरडले. "शनीचा झटका बसेल!"

"तेरा वर्षं लावतेय. अजून तरी नाय बसला."

तिने कीबोर्डची वायर ओढली. ती अर्धीच आत गेली होती. मग माउसची वायर काढली आणि त्याच्या खोबणीत कीबोर्डची खोचली. कीबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा टपकन लागला.

"शनी उठला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं फिदीफिदी हसली.

"कीबोर्ड धडधाकट हाय. दुखणं खोबणीचं हाय. वेणू, मोबाइलची बॅटरी मार गं."

उजेडात कीबोर्डची जुनी खोबण दिसली. आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता.

प्रदीपने जीभ चावली. "खंडेनवमीला पूजा केली मी. पुसायला सगळ्या वायरी काढल्या होत्या. मागूनसुद्धा अक्षता टाकल्या, म्हटलं कुठली बाजू राहायला नको!"

"भक्ती पोटभर केलीस. पण यंत्राला भात चारू नये, बाबा."

"आणि ते 'मला सोडा' कुणी लिहिलं?" महाराजांनी छाती काढली. "तांदळाने?"

"तेच बघते." शेजारच्या खोबणीत नखाएवढा काळा तुकडा होता. "प्रदीपदादा, हा तुझा?"

"नाही हो. मी तर आजच बघतोय."

चंद्रावतीने तो उपटला. "महाराज, आता विचारा भुताला, तुझं नाव काय?"

महाराजांनी मंत्र म्हटला. गोमुखी जोरजोरात हलली. पडदा ढिम्म.

"आता बघा हं." तिने तुकडा पुन्हा बसवला आणि वेणूला डोळ्यांनी खुणावलं. वेणूने सरळ पुढे होऊन गोमुखी चिमटीत धरली आणि दाबली. पडद्यावर एकाच अक्षराची रांग सुटली, थांबेचना! महाराजांनी हात मागे ओढला तशी पिशवी उलटली आणि लाद्यांवर पडला एक तळहाताएवढा बिनतारी कीबोर्ड. माळ नव्हतीच.

"हा टीव्हीला लावतात तसला! आणि तो काळा तुकडा ह्याचाच!" प्रदीप ओरडला. "म्हणजे जप करत नव्हतात, टाइप करत होतात?"

"आणि माझं यंत्र नदीत नाही, भंगारात विकलं जाणार होतं?" हा त्याचा दुसरा प्रश्न. तोवर महाराज रिक्षेपर्यंत पोचले होते. लोकांनी त्यांना तिथेच अडवलं आणि पोलिसांना फोन लावला.

चंद्रावतीला ती गंमत बघायला वेळ नव्हता. तिने काळा तुकडा काढला, त्या जागी माउस लावला आणि प्रदीपला खुर्चीत बसवलं. "नाव लिही. वेणू..."

पाचला बारा मिनिटं कमी असताना वेणूने शेवटचं बटण स्वतः दाबलं. पावती छापून आली तेव्हा तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मावशी," प्रदीपने हळूच विचारलं, "तुम्हांला भीती नाही वाटली? मी तर गार पडलो होतो."

"वाटली ना. अक्षरं आपोआप आल्यावर माझ्या पण अंगावर काटा आला." तिने पदराने भाचीचे डोळे पुसले. "पण आपण भ्यालो म्हणून बिघाड काय जागा बदलतो? तो तिथंच बसून असतो, कुणीतरी वाकून बघायची वाट बघत. हात जोडायचे तर जोडा रे, आमी नाय म्हणत नाय. पण डोळे कशाला मिटता?"