गिलावा उतरवलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी तंबाखूची भट्टी आहे. भट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लोहाराचा जाळ येईल. मी तशी नाही. मी विटांची एक उंच खोली आहे. मला एकच दार आणि हातभर झरोका. आत जमिनीवरून लोखंडी नळ फिरवलेला. बाहेर लाकूड पेटवलं की नळ तापायचा, हवा तापायची आणि वर काठ्यांना टांगलेली तंबाखूची हिरवी पानं हळूहळू पिवळी होत वाळायची.

मला आजोबांनी बांधलं. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकतंच लग्न झालेले गवंडी होते. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला आणि त्यावर पहिल्यांदा बांधलं ते मला.

त्यांची बायको म्हणाली, "माणसं झोपडीत आणि पानं पक्क्या भिंतीत! धन्य आहे तुमची."

"ही पानंच आपलं घर बांधतील," ते म्हणाले. आणि चार हंगामांनी खरंच घर झालं.

एकदा पेटले की मी आठवडाभर चालायचे. आजोबांनी उष्णता मोजायला कधी यंत्र वापरलं नाही. दाराशेजारच्या भिंतीवर तळहात टेकायचा, डोळे मिटायचे आणि "अजून दोन लाकडं" म्हणायचं. हात टेकून टेकून तिथला गिलावा गुळगुळीत झाला होता. खरेदीचा माणूस यायचा, पान कानाशी धरून चुरगळायचा आणि म्हणायचा, "या भट्टीचं पान आवाजावरून ओळखतो मी." भिंतींना छाती असती तर माझी नक्की फुगली असती.

पण माझ्या दारात मी दुसरंही बघत होते. पानं सकाळी दवात तोडायची. त्यांचा ओला रस हातांतून अंगात भिनतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. डोकं गरगरलं की बायका नुसतं "पान लागलं" म्हणायच्या आणि सावलीत बसायच्या. घरात सून आली. तिसऱ्या हंगामात एक दिवस ती माझ्या भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथेच ओकली. ओठ पांढरेफटक पडले होते.

नर्सबाई आल्या. "पानांचा रस बाधलाय. हातमोजे घाल, नाहीतर हे काम सोड."

"सोडून करू काय?" सुनेने विचारलं.

नर्सबाईंनी बॅग बंद केली. "ते मला नाही गं सांगता येणार."

पुढे खरेदी कमी होत गेली. टेकडीवरची झाडं जळणात संपली, लाकूड लांबून आणावं लागू लागलं. मग खरेदीचं केंद्रच बंद झालं. वस्तीतल्या निम्म्या भट्ट्यांना कुलूप लागलं. माझ्या नळावर कोंबडी अंडी घालू लागली.

अशात फॉर्मबाई आल्या. त्यांचं हे नाव वस्तीने ठेवलेलं, कारण त्या जिथे जातील तिथे काखेत फॉर्मचा गठ्ठा. तंबाखूवर जगणाऱ्या गावांना दुसऱ्या उत्पन्नावर उभं राहता यावं म्हणून अनुदान आहे, असं त्यांनी सांगितलं. मात्र एकट्यादुकट्याला ते मिळणार नव्हतं, गट करायला हवा होता. सून घरोघरी फिरली. अकरा घरं तयार झाली. टोमॅटो, आलं, पुदिना लावायचा आणि वाळवून विकायचा, असं ठरलं. पण आराखड्यात जुन्या भट्ट्या पाडून नवी वाळवणखोली बांधायचं लिहिलं होतं.

हे कानावर येताच आजोबा खुर्ची घेऊन माझ्या दारात बसले. "आधी मला पाडा."

सून फॉर्मबाईंकडे वळली. "पाडायला आणि नवं बांधायला जे देणार, ते दुरुस्तीला द्या की. वाळवण्याचंच तर काम करते ही. पान वाळवते तशी टोमॅटो वाळवेल."

"तसं लिहून द्या, मी मांडते," फॉर्मबाई म्हणाल्या.

मंजुरी मिळाली, पण एका अटीवर. पहिला माल तपासणीत उतरला तरच पुढचं अनुदान.

पहिले टोमॅटो वाळले ते इतके लालचुटूक, की सगळी वस्ती बघायला आली. आठवड्याने प्रयोगशाळेचं पत्र आलं. टोमॅटोत तंबाखूचा अंश सापडला होता. वर्षानुवर्षं माझ्या गिलाव्यात मुरलेलं विष मालात उतरलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, पाडलं असतं तर बरं झालं असतं. अकरा घरांची आशा माझ्यामुळे नासली होती.

"यापेक्षा तंबाखू परवडली," एक शेजारी म्हणाला आणि गटातून उठला. त्याच्यामागे आणखी एक घर गेलं.

फॉर्मबाईंनी रदबदली करून एक संधी मिळवली. सून आजोबांना घेऊन आत आली. "बाबा, धुऊन भागणार नाही. तुम्ही बांधलीय, तुम्हीच सांगा. वाचेल का ही?"

आजोबांनी नखाने भिंत खरवडली, नाकाशी धरली. मग म्हणाले, "गिलावा उतरवायचा. पार विटेपर्यंत."

"गवंडी बघू?"

"का? मी काय मेलोय?"

नाकातोंडाला फडकं बांधून ते कामाला लागले. जुन्या काठ्या, लाकडी आडवे वासे, सगळं बाहेर काढलं. उरलेली नऊ घरं पाळीपाळीने घमेली उचलत होती. शेवटी दाराजवळची ती गुळगुळीत जागा राहिली. आजोबांचा हात थांबला.

"एवढी राहू द्या, बाबा," सून हळूच म्हणाली.

"नको. सगळ्यात जास्त इथेच मुरलं असेल." आणि त्यांनी छिन्नी लावली.

मला दुखलं का? विचारू नका. पण त्यानंतर चुन्याचा नवा गिलावा अंगावर आला तेव्हा मला पहिल्यांदाच कशाचा वास येईना. लोखंडी जाळ्यांचे कप्पे बसले. छतावर उन्हाने हवा तापवणारी काळी पेटी आली. दुसरा माल गेला आणि पत्र आलं ते फॉर्मबाईंनी माझ्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. माल स्वच्छ होता. आजोबांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यांना कमी ऐकू येत नव्हतं, तरी.

सगळंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरं अजून थोडी तंबाखू लावतात. गेल्या वर्षी पुदिन्यावर कीड पडली. पण उठून गेलेला शेजारी परत आला आणि सुनेची सकाळ आता गरगरत जात नाही. परवा पलीकडच्या वस्तीची माणसं मला बघायला आली होती. आजोबांनी छिन्नी त्यांच्या हातात दिली आणि सोमवारी त्यांच्या भट्टीचा गिलावा उतरवायला येतो म्हणून सांगितलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाला जुनं काम सोडायला सांगाल, तेव्हा नवं काम हाती येईपर्यंत त्याच्याबरोबर राहा. आणि माझ्यासारखी काळवंडलेली इमारत दिसली, तर पाडण्याआधी एकदा आत येऊन बघा. आत्ता मात्र नको. आत आलं वाळायला भरलंय, दार उघडलं तर सूनबाई रागावतील.