कात्रीला हात लावायचा नाही

मी एक जुना, लहानखुरा लॅपटॉप आहे. हसू नका, मित्रांनो! माझी ताकद बेताचीच, पण मी वीज चिमूटभर खातो आणि कधी घरघरत नाही.

मी एका टेलरमास्तरांच्या घरी आलो, तेव्हा गळ्याच्या ऑपरेशनने त्यांचा आवाज जाणार होता. मुलीने त्यांना माझ्यासमोर बसवलं.

"बाबा, रोज लागतात ती वाक्यं बोलून ठेवा."

मास्तर दोन दिवस बोलले. 'चहा गार झाला.' 'बाही उसवून पुन्हा लाव.' 'माझ्या कात्रीला हात लावायचा नाही!' अशी एकशे ऐंशी वाक्यं, पण लाडाचं म्हणाल तर एकही नाही. स्वभावच तसा! ऑपरेशननंतर ते बटण दाबत आणि मी त्यांच्याच आवाजात बोलत असे.

पुढे माझी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी हात वर केले. इंटरनेट बंद पडलं, परगावच्या नातीशी बोलणं थांबलं. मास्तर जेवेनासे झाले. तेव्हा दुरुस्तीवाल्या बाईंनी एक हलकी सिस्टिम माझ्यात घातली. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी काही हौशी माणसं ती जपत होती. मी पुन्हा नातीशी बोललो, तेव्हा मास्तरांनी मला नव्या अस्तराच्या कापडाने पुसलं.

गेल्या महिन्यात त्या माणसांचाही निरोप आला: इतक्या जुन्या यंत्रांना आता एकच वर्ष सांभाळू. मास्तरांच्या मुलाने लगेच नवा लॅपटॉप आणला. त्याचा आवाज गोड होता, पण परक्याचा.

"बाबा, हा डबा भंगारात देतो," म्हणत त्याने माझी वायर उपटली. बॅटरीत जेमतेम जीव होता. मास्तरांनी झडप घालून बटण दाबलं.

"माझ्या कात्रीला हात लावायचा नाही!" मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो.

मुलगा चपापला. हाच दम खात तो लहानाचा मोठा झाला होता. त्याने मुकाट्याने वायर जोडली.

दुरुस्तीवाल्या बाई मला तपासून म्हणाल्या, "वाक्यं नव्यात न्यायला जुन्या प्रोग्राममधून बाहेर निघत नाहीत हो. वर्षभरात काही जमतंय का बघते."

मित्रांनो, मला भीती वाटते. जुनं यंत्र टाकण्याआधी त्यात कुणाचं काय आहे, एवढं तरी विचारत जा. काल मास्तरांनी बटण दाबलं. "चहा गार झाला," मी म्हणालो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, चहाही नव्हता. त्यांना नुसतं ऐकायचं होतं.