न पुसलेला क्रमांक

मित्रांनो, मी एक जुना क्रमांक आहे. घराचा नव्हे, गाडीचा नव्हे, लॉटरीचा तर मुळीच नव्हे. तसा असतो तर कुणी तरी मला पाहून खूश झालं असतं. आकडे आणि टिंबं यांची मी एक लांबट रांग आहे आणि संगणकांच्या ओळखपत्रांवर राहतो.

हो, संगणकांनाही ओळखपत्रं लागतात. ‘मी दवाखान्याचा मुख्य संगणक’ असं एकाने म्हटलं की दुसरं यंत्र म्हणतं, ‘ओळखपत्र दाखव.’ त्या ओळखपत्रावर एक शिक्का असतो. शिक्का उठवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. हा शिक्का कोणत्या पद्धतीचा, एवढंच मी सांगतो. तो खरा की खोटा, ते मला विचारू नका. माझी पोच तेवढी नाही.

माझा जन्म एका समितीच्या बैठकीत झाला. मी जन्मलो तेव्हा कुणी रडलं नाही, दोघे पेंगत होते आणि उरलेल्यांनी हात वर केले. पुढे मात्र मला बरे दिवस आले. बँका, विमानतळ, शाळांचे निकाल, सगळीकडे मीच. संगणकवाल्यांची एक लायब्ररी असते. तिच्यात पुस्तकं नसतात, तयार सूचना असतात. यंत्रं बनवणारे त्या उचलून आपापल्या यंत्रांत घालतात. अशाच एका लायब्ररीतल्या तक्त्यात मला मानाची जागा होती. त्यामुळे मी एकाच वेळी हजार ठिकाणी असायचो.

ओळखपत्रावर मला दोनदा लिहीत. एकदा आतल्या मजकुरात, एकदा बाहेर शिक्क्याच्या शेजारी. तपासताना लायब्ररी दोन्हीकडचे क्रमांक ताडून पाहायची. जुळले नाहीत की ओळखपत्र परत. नियम साधा होता, म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायचा.

मग काही विद्वानांनी सिद्ध केलं, की माझ्या पद्धतीचा शिक्का कुणालाही घरबसल्या खोटा करता येतो. त्यांचा सत्कार झाला. माझी रवानगी ‘जुने, स्वीकारू नये’ या रकान्यात झाली. लायब्ररी हा रकाना फक्त आतल्या क्रमांकासाठी पाहायची, कारण बाहेरचा त्याच्याशी जुळणारच, असा हिशेब होता.

त्या लायब्ररीची देखभाल एक बाई करत. वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणत, कारण त्या कुणाचंही चुकलेलं न बोलता निस्तरून ठेवत. मावशींनी मला पुसायचं ठरवलं, त्याच दुपारी साहेब त्यांच्या टेबलाशी आले.

“मावशी, मशीनवाल्यांचा फोन होता. आपल्या नव्या आवृत्तीवर त्यांची डायलिसिसची मशीनं सुरूच होत नाहीत.”

“होणारच नाहीत. मशीनं मुख्य संगणकाचं ओळखपत्र पाहूनच सुरू होतात, आणि त्यात आत नवा क्रमांक लिहिलाय आणि बाहेर तो जुनाच. शिक्काही जुनाच. ही लबाडी झाली.”

“लबाडी काय, सोय म्हणा. दवाखान्यांतले मुख्य संगणक जुने आहेत, त्यांना नवा शिक्का उठवता येत नाही.”

“मग ते बदला म्हणावं.”

“बदलतील हो. तोवर ती मशीनं बंद ठेवायची का? तुमचे दादा ज्या मशीनवर असतात, ते त्यातलंच आहे म्हणे.”

मावशींनी मला पुसायचं काम उद्यावर ठेवलं.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. आयुष्यभर शिंपीकाम केलं आणि आईवडिलांमागे बहिणीला शिकवलं. आता त्यांची मूत्रपिंडं थकली होती. दवाखान्यात खिडकीजवळच्या मशीनला नळ्यांनी जोडून त्यांचं रक्त धुतलं जाई. त्या मशीनच्या पोटातही मी होतोच. संध्याकाळी मावशी थर्मास घेऊन आल्या, तेव्हा दोघांचं बोलणं मी ऐकलं.

“चिंगे, तोंड का पाडलंस? साहेब ओरडला?”

“नाही रे. एक ओळखपत्र अडवलंय मी. आत एक लिहिलंय, बाहेर दुसरंच.”

“म्हणजे कोट माझा आणि अस्तर शेजाऱ्याचं! गिऱ्हाईक घेत नाही असलं.”

“मी घेतलं नाही, तर तुझं हे मशीन बंद पडेल.”

दादांनी नळ्यांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “मग दे की चार ग्रेस मार्क,” ते हसून म्हणाले. “मला शाळेत कुणी दिले नाहीत, आता तरी मिळू देत.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला पुसलं नाही. उलट आतले-बाहेरचे क्रमांक ताडून पाहायची ओळच बंद केली आणि शेजारी लिहिलं, ‘तात्पुरते.’ मित्रांनो, संगणकाच्या जगात या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. साहेबांनी मशीनवाल्यांना कळवलं. मशीनवाल्यांनी आभार मानले आणि मुख्य संगणक बदलायचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला. मावशी अधूनमधून आठवण करत. साहेब म्हणत, “चाललंय ना? मग चालू दे.”

चाललं होतं, हे खरं.

मग चोर आले. त्यांनी दवाखान्याच्या मुख्य संगणकाच्या नावाने एक ओळखपत्र बनवलं. आत नवा, प्रतिष्ठित क्रमांक घातला. बाहेर मला बसवलं आणि माझ्याच पद्धतीचा खोटा शिक्का मारला. लायब्ररीने आतला क्रमांक पाहून म्हटलं, ‘घराणं चांगलं आहे.’ बाहेरचा पाहून शिक्का माझ्या पद्धतीने तपासला आणि म्हटलं, ‘शिक्काही बरोबर.’ आत-बाहेर ताडून पाहणारी ती एक ओळ झोपवलेली होती. सगळा कारभार नियमाने झाला आणि मशीनं चोरांचे हुकूम मुख्य संगणकाचे म्हणून पाळू लागली. कुठेही चूक सापडली नसती.

सकाळच्या पाळीला सगळी मशीनं एकदम थांबली. पडद्यांवर कुलपाचं चित्र आलं आणि खाली खंडणीची मागणी. माणसांचं रक्त नळ्यांत अडकलेलं. सिस्टर एकेका मशीनचा दांडा हाताने फिरवून ते रक्त ज्याच्या त्याच्या अंगात परत घालत होत्या. दांडा गरगर फिरत होता.

“सावकाश, सिस्टर,” दादा म्हणाले. “शिलाई मशीन फिरवतात तसं. घाई केली की दोरा तुटतो.”

मशीनं पुन्हा सुरू होईनात. मावशींनी दादांना दुसऱ्या दवाखान्यात नेलं, पण चोरांनी बंद पाडलेल्या मशीनवरचे शहरातले सगळेच पेशंट तिकडे आले होते. बसायला बाक, झोपायला जमीन. तिथल्या यंत्रांतही माझी वस्ती असल्यामुळे मला हेही पाहावं लागलं. दिवस गेला, दुसरा उजाडला. दादांचे पाय सुजले, मग चेहरा. श्वास घेताना छातीत पाणी वाजू लागलं.

“चिंगे,” ते धापा टाकत म्हणाले, “सदऱ्याचं बटण लागेना बघ. माप चुकलं माझं.”

“बोलू नकोस रे. येईलच आपला नंबर.”

नंबर पुकारला गेला, तेव्हा बाकावरून मावशी एकट्याच उठल्या.

चौकशी झाली. अहवालात दोषी म्हणून मीच सापडलो. मी पेन्शन मागत नाही की वकील लावत नाही. साहेब दिलासा देत म्हणाले, “मावशी, तुमचं नाव कुठे येऊ दिलं नाही.”

“यायला हवं होतं,” मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी ताडून पाहायची ओळ पुन्हा सुरू केली. मग मला तक्त्यातून पुसलं. सगळ्या चाचण्या चालवल्या. एकूण एक पास झाल्या. माझ्यावाचून एकही अडली नाही. मावशी पडद्याकडे पाहत बसून राहिल्या आणि कुणाचंही काही निस्तरायला उठल्या नाहीत.

मित्रांनो, जुना पंखा, जुनी छत्री, जुनी सायकल तुम्हाला सांगते, की मला जपा, टाकू नका. त्यांचं त्यांनी सांगावं. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. माझे दिवस भरले की मला पुसा, त्याच दिवशी पुसा, आणि कुणाच्या मायेपोटी ठेवू नका. कारण मी राहतो तो त्याच माणसाच्या उशाशी.

मावशींच्या तक्त्यातून मी गेलो. पण नवी आवृत्ती अजून सगळ्या दवाखान्यांत पोचलेली नाही. एका खोलीत खिडकीजवळच्या मशीनच्या पोटात मी अजून आहे. आज सकाळी तिथे एक नवे आजोबा आले. नळ्या जोडून घेताना त्यांनी भीतभीत विचारलं, “सिस्टर, मशीन चांगलं आहे ना?”

सिस्टरनी त्यांच्या अंगावर चादर ओढली. “घाबरू नका, आजोबा,” त्या म्हणाल्या. “जुनं आहे, पण भरवशाचं आहे.”